क्रुसावरचं नाव

मटिल्डाच्या नवऱ्याच्या कबरीवर दर रविवारी सोनचाफ्याची तीन फुलं असायची, आणि ती तिने ठेवलेली नसायची. एवढ्याशा गोष्टीवरून एका शहाण्यासुरत्या बाईने साडेतीन वर्षं आपल्या जिवाला घोर लावून घेतला. शहाणीसुरती हे उगाच म्हटलेलं नाही. नवऱ्यामागे केळीची वाडी, दोन म्हशी, विहिरीवरची मोटर आणि वयात येणारी मुलगी हे सगळं तिने एकटीने निभावलं होतं. वसईच्या बाजारात भल्याभल्या व्यापाऱ्यांची तिच्यापुढे मात्रा चालत नसे. पण माणूस बाजारात जेवढा शहाणा असतो तेवढा घरात असतोच असं नाही.

सेबॅस्टियन गेला तो पंच्याहत्तरच्या जुलैत. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. पाऊस असा लागला होता की गावाबाहेरचे रस्ते पाण्याखाली गेले होते. मटिल्डाच्या सासरच्या घराण्यात एक जुनी रीत होती. नवरा गेलेल्या बाईने त्याला उंबऱ्यापर्यंत पोचवायचं, पुढे दफनभूमीत जायचं नाही. नंतरही तीन महिने अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. रीत कोणी घातली आणि कशासाठी, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. पाळणारे मात्र सगळे होते. शवपेटी उचलली तेव्हा मटिल्डा दाराकडे धावली. तिला तिच्या मैत्रिणीने, क्लाराने, कमरेला मिठी घालून धरून ठेवलं, आणि सगळं गाव दफनभूमीत गेलेलं असताना त्या दोघी रिकाम्या घरात जमिनीवर बसून राहिल्या.

मटिल्डा पहिल्यांदा दफनभूमीत गेली ती दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी. त्याआधीच्या आठवड्यात, दरवर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे, कबरी खणणाऱ्या बॅप्टिस्टने कमरेएवढं वाढलेलं गवत कापलं होतं, लाकडी क्रूस उपटून, धुऊन, रंगवून पुन्हा जागच्या जागी रोवले होते. मटिल्डा चौथी शिकलेली होती. काळ्या क्रुसावर पांढऱ्या अक्षरांत नवऱ्याचं नाव तिने वाचलं, तिथेच गुडघे टेकले आणि पोटभर रडली.

फुलं दिसायला लागली ती तेव्हापासून. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून ती कबरीपाशी जाई, तर तीन फुलं आधीच तिथे असत, जरा मलूल झालेली, आदल्या दिवशीची. आधी तिला बरं वाटलं. कोणी नातेवाईक आठवण ठेवून येत असेल. तिने मोठ्या नणंदेला विचारलं, धाकटीला विचारलं, चुलत जावांना विचारलं. प्रत्येकीने कानावर हात ठेवले. मग तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

गावात सोनचाफ्याचं झाड एकच होतं, आणि ते क्लाराच्या अंगणात होतं.

क्लारा गावातल्या शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. का नाही, याची गावाने दोन-चार वर्षं चर्चा केली आणि मग नाद सोडला. ती आणि सेबॅस्टियन एकाच आळीत, एकाच विहिरीचं पाणी पिऊन वाढलेली. मटिल्डा लग्न होऊन आली तेव्हा गावात तिची पहिली मैत्रीण क्लाराच झाली. मुलगी फ्लॉसी जन्मली तेव्हा बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून क्लाराच उभी राहिली. क्लाराच्या विहिरीवरची मोटर बिघडली की सेबॅस्टियन पान्हे घेऊन जाई, आणि परत येताना मटिल्डाच्या केसांसाठी चाफ्याचं फूल घेऊन येई.

आता हीच फुलं मटिल्डाला डाचायला लागली. मोटर इतक्या वेळा कशी बिघडायची? तो गेला तेव्हा क्लाराचा आवाज आठवडाभर बसला होता, तो कशाने? ती त्याचं नाव कधी घेत नाही, ते का? वीस वर्षांच्या संसारातल्या एकेक चांगल्या आठवणीची तिने उलटतपासणी घेतली, आणि एकही आठवण सुटली नाही. प्रत्यक्ष पाहिलेलं काही नव्हतं. पण तिच्या मनात ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

तिने क्लाराला विचारलं नाही. नुसतं बोलणं टाकलं. पुढच्या ईस्टरला क्लाराकडून आलेलं करंज्यांचं ताट तिने झाकलेलं तसंच परत धाडलं. क्लाराने ताट ठेवून घेतलं आणि काय झालं म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. ते न विचारणंच मटिल्डाला कबुलीजबाब वाटलं. जिला काही लपवायचं नसतं ती भांडायला येते, असा तिचा हिशेब. मग दर रविवारी ती फुलं उचलून भिंतीपलीकडे भिरकावायची. जुलैमधली नवऱ्याच्या नावाची मिस्सा तिने बंद केली. फादरांनी विचारलं तर विसरले म्हणाली. शुद्धिस्थानातल्या आत्म्याला जिवंतांच्या प्रार्थनेचाच काय तो आधार, हे ती लहानपणापासून शिकली होती. ते पक्कं ठाऊक असतानाच तिने तो आधार काढून घेतला. कबरीपाशी ती आता गुडघे टेकत नसे. उभ्याउभ्या क्रुसाकडे बघायची आणि विचारायची, का केलंस रे असं?

एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात फ्लॉसीचं लग्न ठरलं. मुलगा आलोशियस, वालीवच्या एका कारखान्यात कामाला, शांत आणि सरळ. जानेवारीतली तारीख निघाली. आमंत्रणांची यादी करायला मायलेकी बसल्या आणि फ्लॉसीने पहिलंच नाव घेतलं क्लाराचं.

"ती नको," मटिल्डा म्हणाली.

"आई, ती माझी धर्ममाता आहे. चर्चमध्ये माझ्या शेजारी ती बसणार."

"नाय बसनार."

"तिने काय केलंय ते तरी सांग. साडेतीन वर्षं विचारते आहे मी." फ्लॉसीने पेन खाली ठेवलं. "ती येणार नसेल तर मीही लग्नाला उभी राहणार नाही. मग छाप पत्रिका."

बापाचा हट्टीपणा पोरीत पुरेपूर उतरला होता. बापाबद्दल पोरीला सांगायचं तर हातात पुरावा हवा, आणि पुरावा म्हणून मटिल्डाकडे होतं काय, तर भिंतीपलीकडे फेकलेली फुलं. तेव्हा तिने ठरवलं की येत्या शनिवारी दबा धरून बसायचं, क्लाराला फुलांसकट पकडायचं आणि तिथल्या तिथे सोक्षमोक्ष लावायचा. इतक्या वर्षांत हे तिला का सुचलं नाही, असं कोणी विचारील. सुचलं होतं. पण डोळ्यांनी बघायची तिला भीती वाटत होती.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला ती बॅप्टिस्टच्या फावड्या-कुदळींच्या खोपटामागे जाऊन बसली. गवत अजून कापलेलं नव्हतं. बॅप्टिस्ट विहिरीपाशी विळे पाजळत होता. फाटक वाजलं. मटिल्डाने मान बाहेर काढून पाहिलं.

आत आली ती क्लारा नव्हती. डोक्यावर रिकामी टोपली, गुडघ्यापर्यंत कासोटा, पायांत काही नाही, अशी पन्नाशीची एक कोळीण होती. गावात दारोदार मासळी विकायला येते ती, पाचूबंदरची. मटिल्डाने तिच्याकडून कितीदा तरी बोंबील घेतले होते. नाव बहुतेक उर्सुला. तिने टोपली खाली ठेवली, पदराच्या गाठीतून पानात गुंडाळलेली फुलं काढली आणि भिंतीकडून वळून सेबॅस्टियनच्या कबरीपाशी जाऊन ओंजळीने मांडली.

क्लारा नाही तर ही? सेबॅस्टियन आणि ही? मग ती तरातरा पुढे गेली.

"कोनासाठी ठेवते ही फुलं?"

उर्सुला दचकली, पण हलली नाही. "माज्या पोरासाठी, बाय."

"कोन तुझा पोर?"

"प्लासिड. हितल्या बेकरीत कामाला व्हता. कावीळ झाली नि गेला. बावीस वर्साचा व्हता."

"ह्या क्रुसावर काय लिवलंय ते बघ," मटिल्डाचा आवाज चढला. "सेबॅस्टियन लिवलंय. माझा नवरा हाय तो!"

उर्सुलाने क्रुसाकडे पाहिलं. तिथे अक्षरं आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नसावं, असं ते पाहणं होतं. "मना वाचता नाय येत," ती म्हणाली. "पन माती मी टाकलीय हितं. ह्या हातानं. पाचूबंदरला न्यायचा व्हता त्याला, पन पानी भरलेला, वाटच नव्हती. म्हनून हितं ठेवला. ती भिंत तवा पडलेली. पडल्या भिंतीपासून चार पावलं. दर शनिवारी मी तितूनच मोजत येते, बाय. माजा पोर हितंच हाय."

मटिल्डाने भिंतीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्या लक्षात आलं नव्हतं, की तेवढ्या टप्प्यातला चिरा नवा होता. तिने हाक मारून बॅप्टिस्टला बोलावून घेतलं.

बॅप्टिस्ट आला तो घुश्शातच. "क्रुसावर लिवलंय ते काय खोटं लिवलंय, वयनी? मासळीवाली सांगते नि तुमी ऐकता?"

"तू खणली ना दोन्ही कबरी? मग आठव. मी नव्हते तवा. मला आत येऊ दिलं नव्हतं कोनी."

"आठवायचं काय त्यात? चार दिवसांच्या आड दोन खड्डे. पाऊस असा की खणलं की भरायचं. सेबॅस्टियनच्या येळला तर जीव गेला माझा, उंडीचं मूळ आडवं आलेलं. हाताखालच्या आग्नेलला पळवला कुऱ्हाड आनायला—"

बोलता बोलता तो थांबला. तिघांनीही उंडीच्या झाडाकडे पाहिलं. झाड इथे नव्हतं. ते दोन कबरी पलीकडे होतं, आणि त्याच्या बुंध्याशी गवतात एक बुटका क्रूस वाकडा उभा होता.

बॅप्टिस्टने डोक्याचं मुंडासं काढलं. "त्या साली क्रूस उपटून भिंतीला टेकवले होते," तो म्हणाला. "हे दोन्ही नवे, एकाच सुताराचे. मला अक्षर कुठं धड कळतं, वयनी? हा मोठा होता, मला वाटलं फुडं बरा दिसंल, बुटका झाडाखाली लावला." त्याचा म्हातारा चेहरा पडला होता. "मग दरसाल जितून काढला तितंच लावत गेलो."

मटिल्डा मटकन खाली बसली. साडेतीन वर्षं ती परक्याच्या पोरासमोर उभी राहून नवऱ्याला जाब विचारत होती. आणि जिला वाचता येत नव्हतं, ती बाई मात्र एकदाही चुकली नव्हती.

उर्सुलाला झाला प्रकार हळूहळू उमगला. ती रागावली नाही. उलट मटिल्डाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुजा माणूस हितंच हाय ना जवळ. कुटं गेला नाय."

"चाफ्याचीच फुलं का आणतेस?" मटिल्डाने विचारलं.

"बेकरीतली पोरं चिडवायची त्याला, अंगाला मासळीचा वास येते म्हनून. घरी आला की घासघासून आंघोळ करायचा बिचारा. म्हनून वासाची फुलं. बाजारातल्या फुलवालीला मी मूठभर सुकट देते, ती मना तीन फुलं देते." मग तिचा चेहरा उजळला. "आनि सांगू का, बाय? पयल्या काही महिन्यांत फुलं पडून सुकायची. मग एक दिस बघते तर नाय. तवापासून दर शनिवारी आधीची फुलं नसतात. मना कळलं, पोर न्यायला लागला. रोज मासळी विकून पाय तुटतात, पन म्हनून तर मी येते."

मटिल्डाने तोंड उघडलं. फुलं मी फेकत होते, मला माफ कर, हे शब्द ओठांवर आले होते. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत जे समाधान होतं, ते मोडायची तिची छाती झाली नाही. एका समजुतीपायी तिचा स्वतःचा संसार मातीत गेला होता; आणि हिची समजूत तितकीच खोटी असून हिला जगवत होती. मटिल्डा गप्प राहिली. ते पाप तिने जाणूनबुजून पदरात घेतलं.

उर्सुला टोपली घेऊन निघून गेली. क्रूस लगेच बदलतो, असं बॅप्टिस्ट म्हणायला लागला. मटिल्डा म्हणाली, आधी फादरांना सांग, सोमवारी बदल. मग ती एकटीच उंडीखाली गेली. हाताने गवत बाजूला करून तिने जमीन मोकळी केली. इथे कोणी रडलं नव्हतं, कोणी मेणबत्ती लावली नव्हती. तिने गुडघे टेकले. काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं, पण पहिली प्रार्थनाही पुरी होईना. "चुकले रे मी," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली, आणि हुंदक्यांनी तिचं अंग गदगदत राहिलं.

उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती घरी गेली नाही. सरळ क्लाराच्या दारात जाऊन उभी राहिली.

क्लारा ओटीवर मुलांच्या वह्या तपासत होती. मटिल्डाला पाहून ती उठली. केस पार पिकले होते तिचे. एकाच गावात राहून हे मटिल्डाने आज पाहिलं.

"ये," क्लारा म्हणाली. जणू ती कालच येऊन गेली होती.

मटिल्डा आत गेली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. फुलं, भिंत, उंडीचं मूळ, प्लासिड. मनातलं सगळं बाहेर काढलं, अगदी मोटरच्या दुरुस्तीचंही. "मला वाटलं, ती फुलं तुझी," ती म्हणाली. "तुझ्यावर नि त्याच्यावर मी नाय नाय ते आळ घेतले. तू पायातलं काढून मारलंस तरी मी काय बोलनार नाय."

क्लारा ओटीच्या खांबाला धरून उभी होती. "फुलं माझी नव्हती," ती म्हणाली.

"आता कळलं मला."

"तू ताट परत पाठवलंस, तेव्हाच तुझ्या मनात काय आहे ते मी ओळखलं होतं."

"मग आली का नाय? फुलं माझी नव्हेत, एवढं म्हनाली असती तरी पुरे होतं. साडेतीन वर्षं, क्लारा!"

उघड्या वह्या क्लाराने एकावर एक रचून ठेवल्या. "तेवढं म्हटलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास," ती म्हणाली. "आणि त्याचं खोटं उत्तर मला देता आलं नसतं."

मटिल्डा एक पायरी वर चढली.

"त्याला काही ठाऊक नव्हतं," क्लारा म्हणाली. तिचा आवाज शाळेत असतो तसा स्पष्ट होता, पण तिने पुन्हा खांब धरला होता. "देवाशपथ सांगते. तो यायचा, मोटर दुरुस्त करायचा, पाणी प्यायचा, आणि सगळा वेळ तुझ्याविषयी नि फ्लॉसीविषयी बोलायचा. त्याच्या मनात कधी काही नव्हतं. होतं ते माझ्या एकटीच्या. तुझ्या लग्नाच्याही आधीपासून. मी ते कोणाला दिसू दिलं नाही. त्याच्या कबरीवरही मी कधी गेले नाही, मटिल्डा. फुलं ठेवायची माझी हिंमतच झाली नाही."

मटिल्डाने रागाची वाट पाहिली. साडेतीन वर्षं तिने तो राग जपून ठेवला होता, नेमका ह्याच घटकेसाठी. तो आला नाही. तिला दिसली ती समोरची पिकल्या केसांची बाई. जिथे रडायला जायचं तिला धाडस झालं नाही, तिथे मटिल्डा नुसती जाब विचारत बसली होती. दोघींपैकी एकीनेही त्याला धड निरोप दिला नव्हता.

"चपला घाल," मटिल्डा म्हणाली.

"कुठे जायचंय?"

"उजेड हाय अजून. तुला एकटीला सापडायचा नाय, तितं नाव दुसऱ्याचं हाय. मी तुला माफ करायचं का तुझ्याकडे माफी मागायची, ते मला अजून कळलं नाय, क्लारा. पन चार वर्षं तो तितं एकटा हाय. चल."

क्लारा खांब सोडून पुढे आली. पायरी उतरताना तिचा तोल गेला, तशी मटिल्डाने तिचा दंड धरला.

"आणि जानेवारीत फ्लॉसीजवळ तूच बसायचं," ती म्हणाली, आणि दोघी दफनभूमीच्या वाटेला लागल्या.